रॉड्रिग्जची रानकॉफी

हिंदी महासागरांत मॉरिशसच्या पूर्वेस सुमारें ५६० किलोमीटरांवर रॉड्रिग्ज नांवाचें एक लहानसें बेट आहे. १६९१ सालीं फ्रान्स्वा लेगा हा निर्वासित फ्रेंच गृहस्थ तेथें उतरला, तेव्हां बेटावर दाट झाडी असून प्रचंड कासवांचे कळप हिंडत होते. पुढील शतकांत जहाजांच्या शिध्यासाठीं तीं कासवें हजारोंनीं नेलीं गेलीं व त्यांचा निर्वंश झाला. मागाहून वस्ती वाढली, रानें तोडलीं-जाळलीं गेलीं, आणि उरलेसुरले अंकुर शेळ्यांनीं खुडले.

१८७४ सालीं शुक्राचें अधिक्रमण पाहण्यासाठीं जी इंग्रज मंडळी या बेटावर गेली, तींत आयझॅक बेली बाल्फोर हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ होता. सोबत्यांची दृष्टि आकाशाकडे, तर याची जमिनीकडे! त्यानें जमविलेल्या वनस्पतींचें वर्णन १८७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केलें. रानाची हानि तत्पूर्वींच फार झाली होती. म्हणून ही नोंद मरणासन्न मनुष्याच्या जबानीसारखी मोलाची होय.

येथील ‘कॅफे मारों’ म्हणजे रानकॉफी. या झुडपास कोवळेपणीं अरुंद, तपकिरी पानें येतात व उंची वाढल्यावर रुंद, हिरवीं येतात. कासवांस चकविण्याची ही निसर्गाची युक्ति असावी, असें तज्ज्ञ मानतात. शेळ्यांपुढें मात्र ती चालली नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास हें झुडूप नामशेष झालें अशीच समजूत होती. परंतु १९८० सालीं एका शिक्षकानें विद्यार्थ्यांस बेटावरील दुर्मिळ झाडांची माहिती दिली असतां, एका मुलानें त्याची डहाळी आणून दाखविली. पूर्वींच्या अभ्यासकांचीं वर्णनें व चित्रें हाताशीं होतीं, म्हणूनच तिची किंमत कळली. एरवीं ती केराबरोबर गेली असती.

ओळख पटली, तरी संकट टळलें नाहीं. औषधी म्हणून लोक फांद्या तोडूं लागले, आणि त्या एकुलत्या एका झाडाभोंवतीं एकामागून एक कुंपणें घालावीं लागलीं. १९८६ सालीं त्याच्या कांहीं फांद्या लंडननजीकच्या क्यू येथील उद्यानांत पाठविण्यांत आल्या. तेथें रोप जगलें, फुललें. पण बीज धरीना. फांद्या लावून झाडांची संख्या वाढते, पण तीं सारीं एकाच झाडाचीं रूपें असतात. नवी पिढी बीजांतूनच निपजते. अखेर २००३ सालीं कार्लोस मॅग्डालेना या उद्यानकर्त्यानें पुनःपुन्हां हातानें परागसिंचन करून फळ धरविलें, व पुढें त्या झाडांचें बीज रॉड्रिग्जला परत गेलें.

ग्रंथांतील नोंदीनें झाड जगत नाहीं, हें खरें. परंतु नोंदच नसती, तर काय जगवावयाचें हेंहि कोणास कळलें नसतें. बाल्फोरच्या काळीं कोणीं त्या झुडपांभोंवतीं कुंपण घातलें असतें, तर शंभर वर्षांनंतर एका डहाळीवर साऱ्या वंशाचा भार पडला नसता.