गिरणगावातील स्थलांतरित पुरुष : आत्मसन्मान आणि गुप्तरोग

स्थलांतरित कामगारांच्या लैंगिक आरोग्याचा विचार आपल्याकडे बहुधा १९८६ नंतरच्या एचआयव्हीच्या संदर्भात केला जातो. वस्तुतः हा प्रश्न त्याहून बराच जुना आहे. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबई शहरात स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक होती. त्याच वेळी रत्नागिरी जिल्ह्यात मात्र स्त्रिया पुरुषांहून अधिक होत्या. एकाच कुटुंबाची फाळणी या दोन आकड्यांत नोंदली गेली आहे.

एकट्या पुरुषांमुळे वेश्यावस्ती व वेश्यावस्तीमुळे गरमी-परमा, अशी सरळ साखळी तत्कालीन निरीक्षकांनी मांडली. ती अपुरी आहे. गिरणीतील बदली कामगार रोज सकाळी दारावर उभा राही. काम मिळणे जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असे. १९३५ मध्ये बदलीची नोंद पद्धतशीर झाली, तरी रोजची हजेरी चुकली नाही. गावी खोताच्या जमिनीवर कूळ आणि शहरात दारावरचा बदली, अशा माणसाची स्वतःविषयीची किंमत कशी ठरत असेल? पेनिसिलिनपूर्व काळात गरमीवर आठवडेच्या आठवडे इंजेक्शने घ्यावी लागत. बदली बुडवून ती पूर्ण करणे किती जणांना परवडले असेल, हे सांगण्यास संख्याशास्त्राची गरज नाही.

या माणसाला प्रतिष्ठा दिली ती गावकीच्या गाळ्याने आणि खाणावळीने. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले एकमेकांना नोकरी मिळवून देत, आजारपणात सांभाळत, शिमग्या-गणपतीला एकत्र गावी जात. परंतु हा आधार दुधारी होता, असे आम्हांस वाटते. जो गाळा माणसाला नाव देई, तोच त्याची बातमी गावी पोहोचवी. अब्रूच्या भयाने संयम वाढला असेल, तसाच रोग लपवणेही वाढले असेल. (खाणावळ चालवणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांची संघटित दखल मात्र १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करीपर्यंत घेतली गेली नाही.)

शासनाची दृष्टी याहून संकुचित होती. १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा प्रामुख्याने सैनिकांच्या रक्षणासाठी होता. तपासणीची सक्ती झाली ती वेश्यांवर. १८८८ मध्ये तो रद्द झाला. पुरुष ग्राहक या कायद्याच्या चौकटीबाहेरच राहिला. पुढे एचआयव्हीच्या काळात स्थलांतरित पुरुषाला ‘सेतू लोकसंख्या’ हे नाव मिळाले. येथे पुरुष नोंदला गेला खरा, पण संसर्ग वाहून नेणारा म्हणून. आत्मसन्मान असलेली व्यक्ती म्हणून नव्हे.

आणि सेतूच्या पलीकडे, कोकणातल्या घरी, मनिऑर्डरची वाट पाहणारी पत्नी होती. नवऱ्याच्या रजेतून तिच्यापर्यंत आलेला आजार कोणत्या नावाने ओळखला गेला, हे दवाखान्यांच्या दप्तरांपेक्षा सुईणींच्या आठवणींतच शोधावे लागेल.