मुंबईचे वॉर्ड : रेषा आणि माणसे

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी पोटासाठी मुंबईस गेलेले असते. कोणी लालबागला राहतो, कोणी भांडुपला. पण त्या शहराच्या कारभारात त्याला मत केव्हा मिळाले, आणि त्या मताचे वजन कशावर ठरते, हे आपण सहसा विचारीत नाही. याचे उत्तर मुंबईच्या वॉर्डांच्या इतिहासात सापडते.

ग्रामपंचायतीचे वॉर्ड तुमच्या परिचयाचे आहेत. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गणही आहेत. मुंबईत मात्र वॉर्ड दोन तऱ्हेचे. एक कारभाराचे, ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखले जाणारे. पाणी, रस्ते, कचरा यांची कचेरी तिथे असते. दुसरे निवडणुकीचे, आकड्यांनी ओळखले जाणारे. नगरसेवक निवडून येतो तो या दुसऱ्यातून. आज बोलायचे ते त्यांच्याविषयी.

१८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार ‘जस्टिस ऑफ दि पीस’ म्हणवणाऱ्या, सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांकडे आणि आर्थर क्रॉफर्ड या कमिशनरांकडे गेला. क्रॉफर्डसाहेबांनी कामे पुष्कळ केली, पण खर्चही अफाट केला. तेव्हा १८७१ साली करदाते चिडले. पैसा आमचा, मग हिशेब विचारणारे आमचे का नसावेत? तरुण फिरोजशहा मेहता यांनी निवडलेल्या सभासदांचा पक्ष मांडला. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका झाली : १६ सरकारनियुक्त, १६ जस्टिसांनी निवडलेले आणि ३२ करदात्यांनी वॉर्डावॉर्डांतून निवडलेले.

म्हणजे अर्धी महापालिका लोकांची झाली म्हणायची. पण लोक कोण? वर्षाला ५० रुपये पालिकेचा कर भरणारे! शहराची वस्ती १८७२ च्या गणतीत ६,४४,४०५ होती; मतदार मात्र काही हजार. रेषा साऱ्या शहरावर ओढली होती, पण तिच्या आतला हमाल, गिरणीकामगार, भंगी यांना मत नव्हते.

पुढे १९२२ च्या दुरुस्तीने महिना १० रुपये भाडे भरणाऱ्याला मताचा हक्क मिळाला. हे पाऊल मोठे खरे, पण गिरणगावातल्या चाळीत एका खोलीचे भाडे बहुधा त्याहून कमीच असे. त्यातून एका खोलीत गावची आठ-दहा माणसे राहणार, आणि भाडेपावती एकाच्याच नावाची! मुंबई ज्यांच्या घामावर चालली, तो कोकणातला आणि घाटावरचा माणूस पालिकेच्या दाराबाहेरच राहिला. प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली.

मत मिळाले, आता प्रश्न उरला रेषेचा. माणसे हलतात, रेषा आपोआप हलत नाही. शहर माहीम-शीव ओलांडून गेले. १९५० मध्ये वांद्रे, कुर्ला, अंधेरीकडचा भाग आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा मुलूख पालिकेत आला. पूर्वी एका वॉर्डातून अनेक सभासद निवडले जात. १९६० नंतरच्या दशकात एका वॉर्डास एक नगरसेवक ही पद्धत आली. १९८५ च्या निवडणुकीत नगरसेवक १७० होते, १९९२ मध्ये २२१ झाले, आणि २००२ पासून २२७.

वॉर्डांची वाटणी मनास येईल तशी करायची नसते. १९९४ पासून हे काम पाहायला राज्य निवडणूक आयोग आहे. रीत अशी : जनगणनेचा आकडा घ्यायचा, त्याला वॉर्डांच्या संख्येने भागायचे. २०११ च्या गणतीत मुंबईची वस्ती १,२४,४२,३७३ भरली. तिला २२७ ने भागले की वॉर्डामागे सुमारे ५५ हजार माणसे येतात. यात दहा टक्के कमीजास्त चालते. मोठा रस्ता, लोहमार्ग, नाला ही हद्द धरायची, आणि गणतीसाठी पाडलेला प्रगणक गट शक्यतो फोडायचा नाही. क्रमांक उत्तरेकडून चढतात : पहिला वॉर्ड दहिसरला, २२७ वा कुलाब्याला.

आता याचा परिणाम पाहा. २०११ च्या गणतीत जुन्या शहरात ३०,८५,४११ माणसे होती, उपनगरांत ९३,५६,९६२. म्हणून २०१७ च्या निवडणुकीत जुन्या शहराचे सात वॉर्ड घटून ५६ राहिले आणि उपनगरांचे वाढले. गिरण्या बंद पडल्या, माणसे चाळी सोडून लांब गेली. त्यांच्यामागून नगरसेवकाची खुर्चीही गेली. कोणी म्हणेल, गिरणगावावर अन्याय झाला. पण खुर्ची तिथेच ठेवली असती तर उपनगरातल्या माणसाचे मत हलके पडले असते. कोणाचे तरी काही जाणारच. न्याय माणसांच्या मोजणीतच शोधावा लागतो.

ही वाटणी अडली तर काय होते, तेही मुंबईने पाहिले. २०२१ साली २३६ वॉर्ड करायचे ठरले, ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७. त्यातच आरक्षणाचा वाद न्यायालयात. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. पुढचे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार, नगरसेवक एकही नाही! शिवाय २०२१ ची जनगणना झालीच नव्हती, म्हणून ती निवडणूकही २०११ च्याच आकड्यांवर झाली. पंधरा वर्षांत केवढी माणसे इकडची तिकडे गेली असतील!

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, गणतीचे काम बहुधा तुमच्याच माथी येते, आणि ते कंटाळवाणे वाटते. पण तुम्ही घरोघर जाऊन भरलेल्या त्या कागदांवरच पुढे वॉर्डाची रेषा उठते. एक झोपडी सुटली तर तिथली माणसे त्या हिशेबातून सुटली. आणि गावकरी मंडळींनो, वॉर्डरचनेचा कच्चा आराखडा तुमच्याकडेही प्रसिद्ध होतो. हरकती नि सूचनांसाठी मुदत असते. आपली वस्ती कुठे टाकली आहे, ते मुदतीच्या आत जाऊन पाहा. पक्की रेषा एकदा छापली गेली, की मग ती निमूटपणे मानावी लागते.