बसचा जिना आणि उतारवयातील स्मृती

१/ साल १९४९. लंडनच्या दुमजली बसमध्ये दोन कर्मचारी असत. चालक दिवसभर बसून राही, तर वाहक तिकिटे देत रोज पाचशेहून अधिक पायऱ्या चढे. डॉ. जेरी मॉरिस यांनी याच जोडीचा अभ्यास हाती घेतला.

२/ हृदयविकार वाढत होता आणि त्याचे कारण उमगत नव्हते. सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वाहकांत हा विकार कमी आढळतो, आणि जडला तरी तितका जीवघेणा ठरत नाही.

३/ आक्षेप रास्त होता. मुळातच सडपातळ माणसे वाहक होत असतील तर? १९५६ मध्ये मॉरिस व सहकाऱ्यांनी गणवेशाची मापे तपासली. चालकांच्या कमरेचा घेर खरोखरच अधिक निघाला. तरीही सडपातळ असो वा स्थूल, वाहकच अधिक सुरक्षित ठरला.

४/ हृदयाचे हे गणित मेंदूलाही लागू पडते का? १९७५ मध्ये अमेरिकेत वनीन स्पिरडुसो यांनी प्रतिक्रियेचा वेग मोजला. नियमित खेळणारे वृद्ध बैठ्या तरुणांच्या जवळपास तोडीचे निघाले.

५/ परंतु म्हातारपणी मैदानावर जाणारे मूठभरच. घरकामाची मोजदाद कशी करावी? विचारून नोंद घ्यायची, तर जिची परीक्षा घ्यायची त्या स्मृतीवरच विसंबावे लागते. शिकागोच्या रश विद्यापीठातील संशोधकांनी म्हणून ७१६ वृद्धांच्या मनगटाला हालचाल मोजणारे यंत्र बांधले. त्यांचे सरासरी वय ८२ होते. स्वयंपाक, भांडी घासणे, अगदी पत्ते पिसणेही त्यात नोंदले गेले.

६/ निष्कर्ष २०१२ मध्ये आला. सर्वांत कमी हालचाल करणाऱ्या १० टक्क्यांना अल्झायमर होण्याचा धोका सर्वाधिक हालचाल करणाऱ्या १० टक्क्यांच्या दुपटीहून अधिक होता. पण गणवेशाचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला: हालचाल थांबल्याने स्मृती जाते, की रोगाच्या चाहुलीनेच हालचाल मंदावते?

७/ उत्तराचे दोन तुकडे हाती आहेत. २०११ च्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. वर्षभर चालणाऱ्यांच्या मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ हा स्मृतीशी निगडित भाग सुमारे २ टक्के वाढला. केवळ ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांचा आक्रसला. स्मृती मात्र दोन्ही गटांची सुधारली, त्यामुळे हा अखेरचा शब्द नव्हे.

८/ दुसरा तुकडा २०१९ चा. रशच्या संशोधकांनी मृत्यूनंतर ४५४ जणांचे मेंदू तपासले. रोगाच्या खुणा सारख्याच असूनही, हयातीत अधिक हालचाल करणाऱ्यांची विचारशक्ती अधिक शाबूत राहिली होती.

९/ मॉरिस स्वतः नव्वदी उलटल्यावरही काम करत राहिले आणि २००९ मध्ये ९९ व्या वर्षी निवर्तले. घरातील आजीच्या हातून केरसुणी काढून घेत ‘आता तुम्ही स्वस्थ बसा’ असे आपण मायेनेच म्हणतो. सत्तर वर्षांचा हा इतिहास त्या मायेला थोडे थांबून विचार करायला सांगतो.