नटबोल्टापासून चित्रपटापर्यंत

हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला नट घरच्या जुन्या बोल्टवर नेमका बसतो, याचे आपल्याला काहीच नवल वाटत नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने आट्यांचा कोन सर्वांनी ५५ अंशच ठेवावा, आणि कोणत्या जाडीला इंचामागे किती आटे तेही ठरवून घ्यावे, असे सुचवले. एकाने बनवलेला नट दुसऱ्याने बनवलेल्या बोल्टवर बसावा, हे प्रमाणीकरणाचे सार आहे.

चित्रपटालाही असे आटे असतात. ते कसे, हे समजण्यासाठी फळ्यावर एक गणित मांडू. पडद्यावरच्या एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू आहेत, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १५.५ कोटी बाइट होतात. दोन तासांच्या चित्रपटाला १,१०० गिगाबाइटहून अधिक जागा लागेल. साध्या डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट मावतात. म्हणजे चित्रपट आहे तसा पाठवणे अशक्यच. तो आधी आवळावा लागतो.

आवळण्याची युक्ती सोपी आहे. शाळेच्या मैदानावरील झेंडावंदनाचे चित्रण डोळ्यांपुढे आणा. इमारत, मैदान, खांब जागच्या जागी आहेत. हलतो आहे तो फक्त झेंडा. मग प्रत्येक वेळी सगळे चित्र पाठवायचे कशाला? आधीच्या चित्रात काय बदलले तेवढेच सांगितले की पुरते. उरलेल्या माहितीतले बारकावे, जे डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत, तेही गाळता येतात.

कोणते बारकावे गाळावेत हे ठरवणाऱ्या गणिताचे नाव आहे 'विविक्त कोज्या रूपांतर'. बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले, ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी वाटली, असे कारण अहमद यांनी पुढे सांगितले. तरीही काम चालू राहिले. १९७४ साली अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे छायाचित्रे आणि चित्रफिती आवळण्याच्या बहुतेक पद्धती या रूपांतराच्या पायावर उभ्या राहिल्या.

परंतु आवळणाऱ्याची आणि उलगडणाऱ्याची भाषा एकच हवी. त्यासाठी १९८८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेच्या छत्राखाली लिओनार्दो क्यारिलिओने व हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने 'एम्पेग' हा तज्ज्ञगट सुरू झाला. येथे एक मौजेची गोष्ट लक्षात घ्यावी. अशा प्रमाणात चित्र उलगडायचे कसे, एवढेच ठरवलेले असते. आवळायचे कसे, हे ज्याच्या त्याच्या हुशारीवर सोडलेले असते. त्यामुळे दूरचित्रवाणी संच न बदलताही चित्राचा दर्जा सुधारत जातो.

या व्यवस्थेत एक मेख होती. प्रमाणात वापरलेल्या युक्त्यांवर अनेक कंपन्यांची पेटंटे असत, आणि ती वापरणाऱ्याला स्वामित्वशुल्क द्यावे लागे. २००३ च्या 'एच.२६४' या प्रमाणापर्यंत हे बऱ्यापैकी निभावले. २०१३ साली त्याहून सरस असे 'एचईव्हीसी' आले, आणि त्याच्या पेटंटांसाठी एकाऐवजी दोन, पुढे तीन वेगवेगळे वसुलीगट उभे राहिले. काही पेटंटधारक तर कोणत्याच गटात नव्हते. एकूण किती पैसे कोणाला द्यायचे, हे आधी कळण्याची सोय राहिली नाही. जुलै २०१५ मध्ये यांपैकी एका गटाने, चित्रपट पुरवणाऱ्यांनी संबंधित उत्पन्नाचा अर्धा टक्काही द्यावा, अशी मागणी केली. म्हणजे हजार रुपयांमागे पाच रुपये, तेही दरवर्षी.

याच सुमारास नेटफ्लिक्स ही कंपनी वेगळ्याच वळणावर होती. १९९७ साली स्थापन झालेली ही कंपनी सुरुवातीला टपालाने डीव्हीडी पाठवत असे. २००७ पासून ती इंटरनेटवरून चित्रपट दाखवू लागली. चित्रपट कसा आवळायचा हे तिच्या हाती होते. तो उलगडणारी चिप मात्र ग्राहकाच्या संचात, दुसऱ्याच कोणी बसवलेली. एकट्या कंपनीने कितीही उत्तम संकेतपद्धती शोधली, तरी जगातल्या चिपा त्यामुळे बदलणार नव्हत्या. बोल्ट आपला, नट दुसऱ्याचा!

१ सप्टेंबर २०१५ रोजी ॲमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स या सात कंपन्यांनी 'अलायन्स फॉर ओपन मीडिया' हा गट जाहीर केला. त्यांतल्या काही एरवी कट्टर प्रतिस्पर्धी. गूगल, मोझिला आणि सिस्को यांच्याकडे आपापल्या संकेतपद्धती तयार होत होत्या. त्यांतून एक नवी घडवायची आणि ती सर्वांना शुल्काविना द्यायची, असे ठरले. चिप बनवणाऱ्या आणखी कंपन्या पुढच्या वर्षी आल्या. मार्च २०१८ मध्ये 'एव्ही१' प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या आरंभी एम्पेगच्या संस्थापकानेच आपल्या गटाची आर्थिक घडी मोडल्याची जाहीर कबुली दिली होती.

आरंभी एव्ही१ मध्ये चित्रपट आवळायला फार वेळ लागे. नेटफ्लिक्सने तिचा वापर फेब्रुवारी २०२० मध्ये काही अँड्रॉइड फोनांवर सुरू केला; दूरचित्रवाणी संचांवर ती पोचायला नोव्हेंबर २०२१ उजाडले. प्रमाण कागदावर उतरल्यापासून लोकांच्या घरात पोचेपर्यंत साडेतीन वर्षे गेली.

मग प्रश्न सुटला का? पुरता नाही. २०१९ साली एका बाहेरच्या गटाने एव्ही१ मध्येही आपल्या सभासदांची पेटंटे असल्याचे सांगून शुल्क मागितले. शिवाय, बलाढ्य कंपन्या 'फुकट' देतात त्यात छोट्या संशोधकाच्या पेटंटांवर दडपण तर येत नाही ना, या शंकेवरून युरोपीय आयोगाने २०२२ साली चौकशी आरंभली. २०२३ साली ती बंद झाली, पण नियमभंग झाला की नाही याचा निवाडा न देताच.

वर्गात या प्रश्नावर चर्चा घडवून आणता येईल. संशोधकाला मोबदला मिळाला नाही, तर नवे शोध कोण लावील? आणि सर्वांनी बोलायच्या भाषेलाच भाडे लागले, तर ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने मुके राहावे काय? अनुदान नाकारले गेल्यावरही अहमद यांनी आपले काम सर्वांना वाचता येईल अशा नियतकालिकात छापले, ही गोष्ट चर्चेच्या शेवटी विद्यार्थ्यांना जरूर सांगावी.