सर्व्हरच्या गेलेल्या रात्रीचा हिशेब

मध्यरात्रीनंतर सर्व्हर मंदावतो, पहाटे पूर्ववत होतो आणि सकाळी व्यवस्थापक कार्यालयात येईपर्यंत सारे सुरळीत चाललेले असते. तक्रार मात्र टेबलावर वाट पाहत असते. ‘टॉप’सारखी आज्ञा केवळ चालू क्षण दाखवते. गेलेल्या रात्रीची स्थिती पाहायची असेल, तर लिनक्सवर ‘सार’ या आज्ञेचा आधार घ्यावा लागतो.

‘सार’ हे ‘सिस्टिम अ‍ॅक्टिव्हिटी रिपोर्ट’चे लघुरूप. ही आज्ञा मूळची युनिक्समधील. लिनक्ससाठी सेबास्तियन गोदार यांनी विकसित केलेल्या ‘सिसस्टॅट’ या आज्ञासंचात ती मिळते. यात कामाची विभागणी आहे. ‘एसएडीसी’ हा घटक सर्वसाधारणपणे दर १० मिनिटांनी प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचे आकडे टिपतो, म्हणजे दिवसाला १४४ नोंदी होतात. ‘सार’ त्या वाचून दाखवते. फाइल बायनरी स्वरूपाची असल्याने ती साध्या संपादकात उघडून उपयोग नसतो.

रेड हॅट परिवारात या फाइली ‘व्हार-लॉग-एसए’ या फोल्डरमध्ये, तर डेबियन परिवारात ‘व्हार-लॉग-सिसस्टॅट’मध्ये असतात. १२ तारखेची फाइल सहसा ‘एसए१२’ या नावाची असते. ‘एफ’ या पर्यायापुढे फाइलचे नाव, ‘एस’पुढे आरंभाची आणि ‘ई’पुढे अखेरची वेळ दिली, की तेवढ्याच काळाचा तक्ता समोर येतो. प्रोसेसरसाठी ‘यू’, मेमरीसाठी ‘आर’, डिस्कसाठी ‘डी’ हे पर्याय आहेत. ही सर्व अक्षरे लहान लिपीतच लिहावीत. मोठ्या लिपीत त्यांतील काहींचा अर्थ बदलतो.

तक्ता वाचताना एका आकड्यावर निष्कर्ष काढू नये. ‘आयओवेट’ वाढलेले दिसले, तर प्रोसेसर रिकामा असूनही डिस्कवरील वाचन-लेखन पूर्ण व्हायचे होते, असा अर्थ होतो. अशा वेळी नवा प्रोसेसर घेऊन काही साधत नाही. आभासी यंत्रावर ‘स्टील’ वाढले, तर यजमान संगणक त्या वेळी इतर यंत्रांच्या सेवेत गुंतला होता. म्हणून बिघाडाच्या रात्रीची तुलना त्याच वेळेच्या एखाद्या सुरळीत रात्रीशी करावी.

या नोंदींनाही मर्यादा आहेत. प्रोसेसरचे आकडे १० मिनिटांची सरासरी असतात. एक मिनिट तो पूर्ण क्षमतेने चालला आणि उरलेली नऊ मिनिटे रिकामा राहिला, तर तक्त्यात जेमतेम १० टक्के दिसतात. भार कोणत्या प्रोग्रॅममुळे आला, हेही यातून कळत नाही. त्यासाठी वेगळी नोंद ठेवावी लागते.

सर्वांत महत्त्वाची अट अखेरची. ‘सार’ फक्त नोंदवलेलेच दाखवते. डेबियन व उबुंटूवर आज्ञासंच बसवल्यानंतरही नोंदणी स्वतंत्रपणे सुरू करावी लागू शकते. शिवाय जुन्या फाइली ठरावीक दिवसांनी पुसल्या जातात. सर्व्हर पुन्हा सुरू केला तरी डिस्कवरील नोंदी टिकतात. पण नोंदणीच बंद असेल, तर त्या रात्रीचे कारण केवळ तर्काने शोधावे लागते. ती सुरू आहे ना, हे तक्रार येण्यापूर्वीच तपासलेले बरे.