पाळकाचा पगार कोण देतो?

मंडळीचे नेतृत्व कसे आहे हे पाहायचे, तर पाळकाच्या उपदेशाआधी मंडळीची हिशेबाची वही पाहावी, असे माझे ठाम मत आहे. अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) मंडळ्यांचा इतिहास वाचताना ते पक्के होत गेले.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1831 मध्ये मिशनने नगरला ठाणे केले, 1842 मध्ये तिथेच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. शाळा वाढल्या, मंडळी स्थापन झाली. कारभार मात्र मिशनऱ्यांच्याच हाती राहिला.

1854 च्या अखेरीस बोस्टनहून रूफस अँडरसन आणि ऑगस्टस टॉम्पसन पाहणीसाठी आले. अँडरसन हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव. किती शाळा, किती मुले, एवढ्यावर त्यांचे समाधान होणारे नव्हते. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि सुवार्ताही स्वतःच सांगावी, ही त्यांची कसोटी होती. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि खेड्यापाड्यांत लहान लहान मंडळ्या उभारण्याचे धोरण ठरले. मात्र याच पाहणीतून इंग्रजी शाळाही बंद झाल्या. तो निर्णय चुकीचाच होता, कारण ज्या मुलांपुढे दुसरे दार नव्हते त्यांचे नुकसान झाले. खुद्द अमेरिकेत या पाहणीवर इतका वाद झाला, की 1856 मध्ये बोर्डाला अल्बनी येथे खास सभा बोलवावी लागली.

कसोटी योग्य होती, पण मंडळी तिला उतरणार कशी? मंडळीतली बहुतेक माणसे महार-मांग समाजातली, भूमिहीन, त्यात 1876-77 चा दुष्काळ. गावचा पाळक पुष्कळदा शाळामास्तरही असे आणि त्याचा पगार मिशनकडून येई. साहजिकच त्याचे तोंड मिशन बंगल्याकडे असे. 1878 मध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले आणि पाळकांना नीट शिक्षण मिळू लागले. पगाराचा प्रश्न त्याने सुटला नाही.

तो प्रश्न नारायण वामन टिळकांनी आपल्या आयुष्यातच सोडवायला घेतला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक याच विद्यालयात शिकवत. त्यांनी भजन आणि कीर्तन मंडळीत आणले, 1912 पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग सांभाळला. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. 1919 मध्ये टिळक गेले. दरबार फार काळ टिकला नाही, तरी त्यांच्या त्या एका निर्णयाचे मोल मला कित्येक अहवालांपेक्षा जास्त वाटते.

पुढे मंडळ्या एकत्र येऊन 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आता बिशप आपला, सिनॉड आपली, पास्टरेट कमिटी आपण निवडतो. कापणीच्या सणाला आजही कुणी ज्वारी आणते, कुणी पाय बांधलेली कोंबडी, कुणी पदराआड जपून आणलेली चार अंडी. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो, चढी बोली लागते, पैसे मंडळीच्या पेटीत जातात. बोस्टनवर न विसंबणारी मंडळी ती हीच. पण तिच्या जमिनींचे वाद कोर्टात पडून असतात आणि निवडणुकीत पॅनेल उभी राहतात, तेव्हा अंडी देणाऱ्या त्या बाईला कुणी हिशेब दाखवत नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेत हात वर करा. पाळक गेल्या वर्षी किती घरी गेले, आजाऱ्याच्या उशाशी कोण बसले, रविवारच्या शाळेला शिक्षक किती, हे विचारा. आणि जमाखर्च भर सभेत, मोठ्याने वाचून घ्या.