आठ वजिरांचे कोडे आणि आखूड प्रोग्रामची ईर्षा

बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे मांडायचे की कोणीही कोणाला मारू नये. हे कोडे थोर गणितज्ञ गाउसने रचले आणि पूर्ण सोडवले, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

कोडे मांडले ते माक्स बेझेल या जर्मन बुद्धिबळपटूने, १८४८ साली, बर्लिनच्या एका बुद्धिबळ मासिकात, टोपणनावाने. १८५० च्या जूनमध्ये फ्रान्झ नाउक यांनी लाइपझिगच्या एका साप्ताहिकात ६० उत्तरे दिली. सप्टेंबरमध्ये सुधारून ९२. तोच आकडा बरोबर आहे. त्याच सप्टेंबरात मित्र शूमाखरला लिहिलेल्या पत्रात गाउस ७२ पर्यंतच पोहोचला होता. श्रेय मात्र मोठ्या नावाकडे वाहत गेले.

तरीही गाउसच्या पत्रव्यवहारात एक मोलाची गोष्ट आहे : त्याने पटच काढून टाकला. प्रत्येक रांगेतील वजिराची जागा एका अंकाने लिहायची, उदाहरणार्थ १ ५ ८ ६ ३ ७ २ ४. या अंकांत क्रमाने १ ते ८ मिळवले तर २, ७, ११, १०, ८, १३, ९, १२ येतात. उलट क्रमाने, ८ ते १ मिळवले तर ९, १२, १४, ११, ७, १०, ४, ५. दोन्ही वेळा एकही बेरीज दुसऱ्यांदा येत नाही, म्हणजे कोणतेही दोन वजीर एका तिरक्या रेषेत नाहीत. चित्राचे कोडे अंकगणिताचे झाले.

६४ घरांत आठ वजीर ४,४२,६१,६५,३६८ प्रकारे ठेवता येतात. रांगेत एक आणि उभ्या पट्टीत एक, एवढे बंधन घातले की ४०,३२० मांडण्या उरतात. हे काम संगणकाला साजेसेच. १९७१ मध्ये निकलाउस विर्थ यांनी प्रोग्राम टप्प्याटप्प्याने कसा घडवावा हे याच कोड्यावर दाखवले. १९७२ मध्ये एड्सखर डाइकस्ट्रा यांनीही तेच उदाहरण घेतले. दोघांचा हेतू एकच : वाचणाऱ्याला विचार दिसावा.

त्याच वर्षीच्या ट्युरिंग व्याख्यानात डाइकस्ट्रा यांनी एका खोडीवर कठोर टीका केली. एक प्रोग्रामर दुसऱ्याच्या टेबलावर एकाच ओळीचा प्रोग्राम ठेवतो आणि विचारतो, याहून कमी चिन्हांत जमेल का? किंवा, हा काय करतो ते ओळख! भाषेचे नाव त्यांनी घेतले नाही. रोख एपीएलकडे असावा.

खोड काही गेली नाही. १९९० च्या दशकाअखेरीस पर्ल भाषेच्या वर्तुळात तिला 'गॉल्फ' हे नावही मिळाले : कमीत कमी कळा दाबून काम करील तो जिंकला. आणि आठ वजीर सी भाषेच्या दोन-तीन ओळींत मावले.

ते कसे? विर्थ यांच्या प्रोग्राममध्ये उभ्या पट्ट्यांसाठी आठ खुणा, दोन्ही दिशांच्या तिरक्या रेषांसाठी पंधरा-पंधरा. आखूड प्रोग्राममध्ये फक्त तीन संख्या : एक व्यापलेल्या पट्ट्यांची, दोन तिरक्या माऱ्यांच्या. पुढच्या रांगेत उतरताना एक तिरकी संख्या एक घर डावीकडे सरकवायची, दुसरी उजवीकडे. तिन्हींत जिथे शून्य, ते घर मोकळे. मोकळ्या घरांची संख्या आणि तिचेच उणे रूप यांतील समान बिट घेतला की सर्वांत उजवीकडचे एकच घर हाती येते. तिथे वजीर ठेवायचा आणि प्रोग्रामने पुढच्या रांगेसाठी स्वतःलाच हाक मारायची. पट कुठेच नाही. १८५० सालच्या पत्रातही नव्हता.

डाइकस्ट्रा यांचा आक्षेप इथे अर्धाच लागू पडतो. चलांना एकाक्षरी नावे देणे, मोकळी जागा गाळणे ही निव्वळ कंजुषी. तिने वाचणाऱ्याचे नुकसानच होते. परंतु तीन संख्यांची युक्ती ही कंजुषी नव्हे. तीच ऐसपैस, नीट नावे देऊन लिहिली तरी ती तितकीच वेगवान राहते.

अर्थात पट वाढला की आखूडपणाचा उपयोग संपतो. उत्तरांची संख्या थेट सांगणारे सूत्र अजून कोणाला सापडलेले नाही, मोजावेच लागते. २०१६ मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी त्यासाठी खास जुळवलेल्या चिपांवर २७ वजिरांची उत्तरे मोजून पूर्ण केली : २,३४,९०,७९,६७,१५,४१,२२,५२८.